खंदकातून फेक

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष चालू असताना माझी बदली साताऱ्याबाहेरच्या एका तात्पुरत्या ट्रेनिंग कॅम्पात झाली. मी हवालदार, मूळचा मिरजेकडचा. रिक्रूटांना हत्यारं शिकवणं माझं काम होतं. भरती जोरात आणि हत्यारं कमी. तीस जणांत बारा रायफली. बाकीचे लाकडी रायफलीवर हात बसवायचे. ग्रेनेडही डमी, आत दारू नसलेले. खरे प्रत्येकाला दोनच मिळत.

ग्रेनेड फेकायची पद्धत ठरलेली होती. पिन काढायची, हात ताठ मागे न्यायचा, डोक्यावरून पुढे आणायचा. हातातून सुटल्यावर चार सेकंदांत तो फुटतो.

माझ्या स्क्वाडमध्ये म्हसवडजवळच्या वाडीचा सिदू होता. जोंधळ्याच्या राखणीला पाखरांवर दगड भिरकावत वाढलेला. तो ग्रेनेड आडव्या हातानं फेकायचा आणि सगळ्यांच्या दहा पावलं पुढे टाकायचा. मी टोकलं की म्हणायचा, "आवं उस्ताद, तुमच्यावानी हात केला तर पाखरूबी हसंल." स्क्वाड हसायचं. मीही हसायचो.

त्या महिन्यात स्क्वाडांमध्ये फेकीची स्पर्धा होती, मोकळ्या मैदानात, उभ्यानं. सिदूचा हात तेव्हा बदलला असता तर त्याची फेक बिघडली असती. मी तो तसाच ठेवला. आम्ही पहिले आलो. सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

खंदकातून फेकायची चाचणी मात्र राहिली होती. छातीएवढ्या खंदकात आडवा हात चालत नाही, भिंतीला लागतो. हे मला माहीत होतं. सिदू तिथं नापास झाला असता, आणि आमची तुकडी चार दिवसांत आघाडीवर निघणार होती. माझा पहिला आलेला गडी मला मागे ठेवायचा नव्हता. मी त्याच्या ट्रेनिंगच्या कार्डावर चाचणी न घेताच 'पास' लिहून सही केली.

त्यानंच आठवण केली होती. "उस्ताद, माजी खड्ड्यातली फेक ऱ्हायलीया."

"तुला कशाला रं ती?" मी म्हणालो.

तुकडीबरोबर मीही ब्रह्मदेशात गेलो. आमची प्लॅटून एका टेकडीवर खंदक खणून होती. एके सकाळी सहा चाळीसला खालच्या बांबूच्या बेटातून शत्रूची मशीनगन सुरू झाली. अंतर पंचवीस यार्ड. डोकं वर काढता येईना. फील्ड टेलिफोनवर ऑर्डर आली: "ग्रेनेड वापरा. गन बंद करा." सिदू माझ्या डावीकडे दहा हातांवर होता. मी त्याचंच नाव घेतलं.

त्यानं पिन काढली. हात आडवा गेला, मनगट खंदकाच्या भिंतीवर आपटलं आणि ग्रेनेड त्याच्याच पायाशी पडला.

"सरका, उस्ताद," एवढंच तो म्हणाला आणि उचलायला वाकला.

मी खंदकाच्या वळणाच्या आड गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही. सिदू जागीच गेला. रिपोर्टात मी शत्रूच्या ग्रेनेडनं मृत्यू असं लिहिलं. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

लढाई संपल्यावर त्याच्या वाडीला गेलो. वडील शेतात होते. मी कोण ते कळल्यावर त्यांनी बांधावर घोंगडं अंथरलं, मला बसवलं. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले, "एक इचारू का? माज्या पोराचं काय चुकलं हुतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग झालं," ते म्हणाले आणि डोळे पुसून मला जेवायला घरी घेऊन गेले.

मी खोटं बोललो नव्हतो, पण सगळं सांगितलंही नव्हतं. त्या घरची भाकरी मी खाल्ली. आता वडीलही नाहीत. म्हणून इथं लिहितो: सिदूचं काही चुकलं नव्हतं. खंदकातून कसं फेकायचं हे त्याला शिकवणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही.