वळणावरचा बांध

चिखलताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण गावात दुसऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनं मागे वळूनही पाहिलं नसतं. धंदा जाळी दुरुस्त करण्याचा. पुढच्या खोलीत आकड्याला जाळं टांगलेलं, खाली ती मांडी घालून बसलेली, दातात दोरा आणि तोंड तरीही चालू. दातात दोरा धरून बाई इतकं बोलते कशी, हे कोडं काही गावाला सुटलं नाही. ओहोटी लागली की जाळं तसंच लोंबकळत ठेवून ती चिखलात उतरायची आणि तिच्यामागे निम्म्या गावातल्या बायका. खारफुटीचं रान परत उभं करायचं, हे खूळ तिचंच.

खूळ तरी कसं म्हणावं? रान होतं तेव्हा लाटा रानातच दमून जायच्या. मग माणसांना शेतीची हाव सुटली. रान तोडलं, खाडीचं तोंड बुजवून बांध घातला, आतल्या जमिनीत पीक घेतलं. थोडी वर्षं बरं चाललं, मग जमीन खारट होऊन बसली. तेलही गेलं, तूपही गेलं. राहिला तो म्हातारा बांध. तो एखाद्या वादळात एकदम फुटला तर खालची आळी भांड्याकुंड्यांसकट वाहून जाणार, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. मध्ये रान असतं तर पाणी निदान धापा टाकत आलं असतं.

म्हणून चिखलताई झाडं लावत होती. बायका खाडीपलीकडून शेंगा वेचून आणायच्या, त्यांची रोपं करायच्या, बांधाच्या आतल्या चिखलात ओळीनं रोवायच्या. आणि दर वर्षी ती रोपं माना टाकायची. पानं पिवळी पडायची, बुंधे काळे पडायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कोणी म्हणायचं शेंगाच किडक्या होत्या, कोणी म्हणायचं ऊन कडक होतं. चिखलताई म्हणायची, माझ्याच हाताला यश नाही.

आता बांधाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिचा नवरा त्या बांधात होता.

खूप मागे एका वादळात बांध वळणावर फुटला होता. गावातले गडी पोती आणि माती घेऊन धावले. सगळ्यात पुढे तिचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ. खिंडार बुजलं, गाव वाचलं. धाकटा भाऊ नखशिखांत चिखलानं माखून एकटाच परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, दादा मातीखाली गेला, कळेपर्यंत वर भराव पडला होता. उकरायला गेलं तर बांध पुन्हा फुटणार. कोणी उकरलं नाही. त्या वळणावर मग कोणी पायही ठेवला नाही, एक तिच्याशिवाय.

ती रोज तिथे जाऊन बसायची. भरती चढू लागली की बांधाच्या पोटातून टकटक आवाज यायचा. खेकड्यांच्या बिळात पाणी शिरतं, आतली हवा निसटते, आवाज होतो. हे शेंबडं पोरही सांगेल. चिखलताईलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग, आतून कोणी दार ठोठावतंय असंच तिला वाटायचं. ती त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. कोणाचं कोणाशी भांडण झालं, कोणाच्या जाळ्याला केवढं भोक पडलं. मध्येच थांबायची, त्याला बोलायला जागा द्यायची, आणि कधी कधी न आलेल्या उत्तरावर हसायचीसुद्धा. अशा वेळी बांधाखालून जाणाऱ्या बायकांच्या अंगावर सरसरून काटा यायचा. त्या खाली बघत झपाझप निघून जायच्या.

तर त्या वर्षी धाकट्या दिराच्या घरी नवी सून आली. धीट पोर, आणि परगावची, त्यामुळे इथे कशावर बोलायचं नाही हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. रोपं लावायच्या आदल्या दिवशी सगळे दिराच्या ओट्यावर जमले होते, चहा चालला होता. सुनेनं कप भरता भरता विचारलं, आत भरतीचं पाणीच येत नाही तर ही झाडं जगायची कशी? खाडीचं जुनं तोंड त्या वळणावर आहे ना, मग तिथे अरुंदशी वाट का करून देत नाही?

सासूनं सुनेच्या दंडाला असा चिमटा काढला की किटलीतला चहा सांडला. दीर तर तिच्या अंगावर धावूनच गेला, म्हणाला, आल्या मोठ्या शहाण्या, आत जाऊन भांडी घासा. चिखलताईनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कोणी नजर देईना. हे सगळ्यांना माहीत होतं! सगळं गाव वर्षानुवर्षं तिच्याबरोबर चिखलात वाकलं होतं, मरणार हे ठाऊक असलेली रोपं लावत होतं, आणि सारं कशासाठी, तर तिच्या नवऱ्याला हलवावं लागू नये म्हणून. असलं प्रेम करणाऱ्यांना काय म्हणावं? शिव्या द्याव्यात की पाया पडावं?

दुसऱ्या दिवशी ती वळणावर जाऊन बसली. खालची आळी धोक्यात आहे, हे तिनं नवऱ्याला सांगितलं. बांध कापावा लागेल, तुम्हाला बाहेर काढावं लागेल, हेही सांगितलं. भरती चढली. टकटक झाली, नेहमीसारखीच. त्यातून हो की नाही ते काही तिला कळेना. तिला पहिल्यांदाच त्याचा राग आला.

तिनं गावाला सांगितलं, वळण कापायचं. सगळ्यात जास्त विरोध दिरानं केला. दादाला असं उकरून काढायचं का, म्हणाला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

मोठ्या ओहोटीचा दिवस ठरला. चिखलताईनं एकच अट घातली. त्या जागी कुदळ नाही, फावडं नाही, नुसत्या हातांनी माती काढायची. त्याला लागायला नको. तिनं धुतलेली चादर घडी करून मांडीवर घेतली आणि कडेला बसली. सगळं गाव गुडघ्यांवर बसून, झोपलेल्या मुलाचं पांघरूण काढावं तशी माती काढत होतं. हाताला काही टणक लागलं की श्वास रोखायचे. पोत्याचा तुकडा निघायचा, नाहीतर शिंपला.

दीर उशिरा आला. हातात फावडं. कोणाशी न बोलता तो खड्ड्यात उतरला आणि अंगातलं सगळं बळ लावून त्यानं फावडं मातीत घातलं. पुन्हा घातलं. बायका ओरडल्या, अरे हळू, तुझा भाऊ आहे तिथे. तो ऐकेना. ढेकळांवर ढेकळं उडवत राहिला.

चिखलताई बघत होती. एवढ्या माणसांत एकट्या त्यालाच भीती नव्हती, फावडं कशाला लागेल याची. ती उठली, खड्ड्यात उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"ते इथे नाहीत ना, भावोजी?"

त्यानं फावडं सोडलं.

"नाही."

"मग कुठे?"

त्यानं समुद्राकडे हात केला. "खिंडारातून बाहेर खेचला गेला. खरं सांगितलं असतं तर तू जन्मभर किनाऱ्यावर वाट बघत बसली असतीस, वहिनी. म्हटलं, बसायला एक जागा तरी असू दे."

मांडीवरून उचलून आणलेली चादर अजून तिच्या हातात होती. ती कुठे ठेवावी हेच तिला कळेना.

"हाक मारली होती का त्यांनी?"

तो खाली बसला, तिथेच, चिखलात.

"मला मारली. मी माती टाकत होतो. हात थांबवले असते तर गाव गेलं असतं." त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "भरती आली की मी घरात दारंखिडक्या लावून बसतो, वहिनी. तू इथे येऊन बसायचीस, आणि मला घरात त्याची हाक ऐकू यायची."

भरती लागली होती आणि वरून लोक ओरडू लागले होते. उरलेली माती आपोआप ढासळत होती, बाहेरचं पाणी गढूळ जिभेसारखं खड्ड्यात शिरत होतं. ते त्याच्या गुडघ्यांवर चढलं, कमरेपर्यंत आलं. तो हलेना. ते पाणी ज्या बाजूनं येत होतं तिकडेच बघत राहिला.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिनं दिराला अहोजाहो केलं होतं. तिनं चादर पाण्यात सोडून दिली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"चल," ती म्हणाली. "तुला हाक आता मी मारतेय. वर चल."