पाण्यापलीकडून महेश बोलला

आमच्या होमस्टेला येणारे गेस्ट हमखास विचारतात – इथे काही ‘तसलं’ आहे का हो? मी सांगायचे, इथे डास आहेत, तेवढे सांभाळा. असल्या गोष्टींची मला खरंच चीड होती. आता कुणी विचारलं, तर मी उठून आत जाते...

माझं सासर चौल. माहेर पालीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावात शिरायला नदीवरचा एकच बुटका पूल. धाकटा भाऊ महेश आणि त्याची बायको रेखा तिथे राहायचे. मूलबाळ नाही, दोन म्हशी. घर गावाबाहेर, अगदी उताराला लागून.

त्या जुलैत पाऊस विजा घेऊनच आला. आमच्याकडे जुलैत संततधार असते, एवढा गडगडाट नसतो. मोबाईलवर रेड अलर्टचे मेसेज येत होते. मी महेशला फोन केला – दोघं निघा, इकडे या.

“म्हशींचं काय करू ताई? बघतो. जमलं तर संध्याकाळी निघतो.”

गावातही त्याने तसंच सांगितलं होतं – बहिणीकडे चाललोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लागेना. दुपारी मी आणि मिस्टर गाडी घेऊन निघालो. पोचलो तर पूल दिसतच नव्हता. तांबडं पाणी, त्यातून अख्खी झाडं वाहत चाललेली. एक पोलीस कुणाला पुढे सोडत नव्हता. पाण्याचा आवाज असा, की मिस्टर माझ्या कानाशी ओरडत होते तरी अर्धे शब्द कळत नव्हते.

आणि पलीकडच्या काठावर महेश उभा होता. डोक्यावर छत्री नाही, काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी हात हलवला. त्याने नाही हलवला.

“ताई,” तो म्हणाला.

ओरडला नाही तो. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलावं, तसा बोलला. आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“रेखा गोठ्यात हाय. पत्र्याखाली. अजून बोलते.”

“मग काढ ना तिला,” मी ओरडले. “गावातल्यांना बोलाव.”

“मला न्हाय जमत ताई. तू ये.”

मिस्टरांनी दंड धरून मला मागे खेचलं. मी गुडघाभर पाण्यात उतरले होते, मला कळलंही नव्हतं.

“महेश काय म्हणाला, ऐकलंत ना?”

“या आवाजात काय ऐकू येणार? महेश होता तो?”

माणूस त्यांनाही दिसला होता. चेहरा ओळखू आला नाही, एवढंच. पुन्हा पाहिलं, तर काठ रिकामा.

मी पोलिसाला सांगितलं. त्याने लगेच खटपट केली, पण पलीकडे कुणाचाच फोन लागत नव्हता. संध्याकाळी बचाव पथकाची बोट आली. दोनदा पाण्यात घातली, दोनदा ओढून काढावी लागली. त्यांचा प्रमुख माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, “ताई, माझी पोरं जातील.” रात्र आम्ही गाडीत काढली. रेखा तिकडे बोलत असेल, एवढंच माझ्या डोक्यात.

सकाळी पाणी उतरल्यावर पलीकडे गेलो. घर नव्हतं. अर्धा डोंगर खाली आला होता. गाव शाळेत हलवलेलं, त्या पावसात इकडे कुणी फिरकलं नव्हतं.

“काल पहाटे मोठा आवाज झाला,” आमचे चुलते अण्णा म्हणाले. “आम्हाला वाटलं वीज पडली. नि हे दोघं तर तुझ्याकडे गेले ना?”

मी म्हटलं, गोठ्यात बघा. पत्र्याखाली.

रेखा तिथेच होती. पायांवर वासा पडलेला. हाताशी दुधाचं पातेलं होतं, पत्र्यावर आपटून आपटून पार चेपलेलं. अंग अजून पुरतं थंड झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रात्री बराच वेळ जिवंत असणार.

महेश दुपारी सापडला. मातीखाली, अंथरुणातच. तो आदल्या पहाटेच गेला होता, दरड आली तेव्हाच. म्हणजे आम्ही पुलापाशी पोचायच्या कितीतरी आधी.

मिस्टर म्हणतात, दिसला तो दुसरा कुणी असेल. त्यांचा भाचा म्हणतो, शॉकमध्ये असे भास होतात. असेलही. पण मग रेखा कुठे आहे, हे मला कुणी सांगितलं? मला उत्तर माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर ते नकोही आहे. एकच गोष्ट डोकं पोखरते. अण्णा आणि सगळं गाव त्या शाळेत, गोठ्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर बसून होतं... महेश त्यांच्याकडे का नाही गेला? जिला ते पाणी ओलांडताच येणार नव्हतं, तिलाच का सांगितलं त्याने?