मनीषाचे सात किलो

मंगळवार, २१ नोव्हेंबर २०२३, सिल्वासा. पाणी पाऊण तास उशिरा आले. रद्दी दिली. रद्दीवाल्याच्या काट्यावर दहा किलो, आपल्या काट्यावर साडेअकरा. काटा दाखवल्यावर साडेअकराचे पैसे मोजले. दुपारी मुगाची खिचडी. भास्करचा फोन : पाच वाजता मनीषाला घेऊन येतो, काटा लागेल.

नलिनीबाई दिवसातून दोनदा रोजनिशी लिहीत, जेवण झाल्यावर आणि दिवेलागणीला. दुपारची नोंद संपवून त्यांनी वही मिटली आणि खिळ्यावरचा हुकाचा काटा उतरवून पुसला. हा काटा त्यांनी फक्त रद्दीवाल्यासाठी घेतला होता. आज त्याला भास्कर परुळेकरचे कॅमेरे लटकणार होते. म्हणजे काट्याच्या कामात फारसा फरक पडणार नव्हता.

भास्कर हा त्यांचे यजमान सदाशिवराव यांच्या हाताखालचा. शहाऐंशी साली वेंगुर्ल्याहून सिल्वासाला आला, बांधकाम कचेरीत आरेखक म्हणून. त्याचा हात चांगला होता, एवढे नलिनीबाई कबूल करीत. खानवेलकडच्या रस्त्यांचे नकाशे तो असे काढी की साहेबलोक ते भिंतीवर लावीत. पुढे कचेरीत संगणक आले, हाताचे काम संपले आणि भास्करच्या गळ्यात कॅमेरा आला. तेव्हापासून हा माणूस कामातून गेला तो गेलाच.

आजवर किती कॅमेरे झाले हे भास्करला सांगता येत नसे. नलिनीबाईंना येई. प्रत्येक नव्या कॅमेऱ्याचे पेढे घेऊन तो त्यांच्याकडे येई, आणि पेढे आले की रोजनिशीत नोंद होई. पंधरा वर्षांत नऊ वेळा पेढे आले होते. नऊही वेळा त्याचे वाक्य तेच होते : "वहिनी, आता हा शेवटचा."

आणि फोटो? वासोण्याच्या सफारीत त्याने सिंहाचे शंभरेक फोटो काढले. प्रत्येकात बसच्या खिडकीची जाळी. सिंह पिंजऱ्यात, पिंजरा रानात. दादऱ्याच्या तलावावर लोक बायकामुलांना पुलावर उभे करून हसायला लावतात. भास्कर त्याच पुलाच्या कठड्याचा गंज टिपत बसे. "बघा वहिनी, गंजाचा कण न् कण दिसतो." दिसत होता. न दिसून सांगतो कोणाला? आणि घरी असला की गच्चीवरच्या विटांच्या भिंतीचे फोटो, का तर नव्या लेन्समध्ये कडेच्या विटा पुसट येत नाहीत ना, ते पाहायला. एवढे कौतुक त्या भिंतीचे ती बांधणाऱ्या गवंड्यानेही केले नसेल.

एक नोंद मात्र नलिनीबाईंनी कोणालाच वाचून दाखवली नव्हती. नऊ मे दोन हजार सोळा. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली होती. भास्करने स्वतःहून सांगितले, फोटो मी काढणार. संध्याकाळी अंगणात कॅमेऱ्याचे तिकाटणे रोवले, तीनदा लेन्स बदलली. "उजेड अजून थोडा मऊ होऊ द्या," म्हणाला. उजेड इतका मऊ झाला की संपला. सदाशिवराव मे महिन्यात कोट घालून तासभर खुर्चीवर घामाघूम बसले आणि शेवटी डास चावायला लागल्यावर आत गेले. सप्टेंबरात ते वारले. नऊ मेची नोंद एवढीच होती : फोटो झाला नाही. वडे उरले.

आता हा भास्कर बायकोला घेऊन छत्तीस दिवस आसाम-अरुणाचलला निघाला होता. त्याला धनेश पक्ष्याचा फोटो काढायचा होता. मनीषाला तेजपूरला आपल्या धाकट्या बहिणीला, रोहिणीला, भेटायचे होते. रोहिणीचा नवरा तिकडे चहाच्या कारखान्यात होता आणि अकरा वर्षांत बहिणींची गाठ नव्हती. कुठल्या परदेशी मुलाचा व्हिडिओ पाहून भास्करने ठरवले होते की सामान फक्त हातातले न्यायचे. विमानाची तिकिटेही त्याने तशीच काढली होती. माणशी एक बॅग, वजन सात किलो.

पाचाला दोघे आले. भास्करने अकरा खिशांचे खाकी जाकीट घातले होते आणि सगळे खिसे फुगले होते.

"हे काय? ताप आलाय का तुला?"

"वहिनी, विमानतळावर बॅग तोलतात, माणूस तोलत नाहीत. जड वस्तू सगळ्या खिशात." त्याने एकेक खिसा थोपटून दाखवला. बॅटऱ्या, चार्जर, दोन लेन्स. चालताना अंगात किराण्याचे दुकान हलल्यासारखा आवाज येत होता.

त्याची बॅग काट्याला लावली. सहा किलो नऊशे. दोन कॅमेरे, आणखी दोन लेन्स, घडीचे तिकाटणे.

"आणि कपडे?"

"दोन शर्ट, एक पँट. रोज धुवायचे, रोज वाळवायचे. तो मुलगा वर्षभर असाच फिरला."

"त्याचे कपडे कोण धूत होतं?"

मनीषा हसली. भास्करला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

मग मनीषाची बॅग. तीही सहा किलो नऊशे. नलिनीबाईंनी चेन उघडली. वर दोन साड्या, स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या. खाली काळ्या आवरणात हातभर लांबीची लेन्स.

"ही कोणाची?"

"ती धनेशाची," भास्कर म्हणाला. "माझ्या बॅगेत मावत नाही ना! हिला कुठे एवढं सामान लागतं?"

मनीषाच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिने ती उघडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले तिच्या आईचे पितळी पुरणयंत्र. आई गेली तेव्हा रोहिणीला येता आले नव्हते. जाण्याआधी आईने मनीषाला बजावले होते की हे यंत्र रोहिणीचे, तिच्याच हातात दे. त्याला दोन वर्षे होऊन गेली होती.

"अगं, ते कुरिअरने पाठवू म्हटलंय ना मी?"

"दोन वर्षं म्हणताय. आणि आईने हातात द्यायला सांगितलंय, कुरिअरवाल्याच्या नाही."

नलिनीबाईंनी पिशवी यंत्रासकट हुकाला अडकवली. एक किलो नऊशे. मग यंत्र काढून त्याच पिशवीत धनेशाची लेन्स घातली. काटा त्याच रेघेवर जाऊन थांबला.

"दोन्ही मावणार नाहीत," भास्कर म्हणाला.

"ते मलाही वाचता येतं. बॅग कोणाची?"

"तशी हिचीच. पण वहिनी, धनेश आयुष्यात एकदा दिसतो!"

"रोहिणी अकरा वर्षांत एकदाही दिसली नाही," मनीषा म्हणाली.

भास्करने पवित्रा बदलला. "विमानतळावर अडवतील तुला. पितळेचं नळकांडं, वर दांडा. बॉम्ब समजतील."

"तुमची तोफ सोडतील आणि माझं पुरणयंत्र अडवतील? अडवू देत. मी दाखवीन यातून पुरण कसं येतं ते. तुमच्या नळीतून आजवर काय आलं, ते तुम्ही दाखवा."

नलिनीबाईंनी एवढ्या वर्षांत मनीषाला इतके बोलताना ऐकले नव्हते. भास्करनेही नसावे. तो पंख्याकडे पाहत बसला.

"एक सांगा," मनीषा म्हणाली. "तिथे माझा आणि रोहिणीचा एक फोटो काढायचाय. शेजारी शेजारी बसलेल्या. त्याला या सगळ्यातलं काय लागतं?"

हा प्रश्न भास्करला आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने छातीवरच्या खिशातून लिंबाएवढी एक लेन्स काढली. "त्याला काय, ही पुरे. पन्नास मिलिमीटरची."

"आणि उजेड कमी असला तर?" हे नलिनीबाईंनी विचारले.

"कमी उजेडात तर हीच उत्तम, वहिनी. दिवेलागणीलासुद्धा झकास येतो फोटो."

"कधी घेतलीस?"

"पहिल्या कॅमेऱ्याबरोबरची. पंधरा वर्षं झाली. कायम जवळ असते."

म्हणजे नऊ मेच्या संध्याकाळीही ती त्याच्या जवळ होती. सदाशिवराव कोट घालून बसले होते, डास आले नव्हते, वडे गरम होते आणि ही एवढीशी वस्तू या माणसाच्या पिशवीत पडून होती. नलिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. अकरा खिसे, बासष्ट वर्षांचे वय. रागवावे इतकेही त्या माणसात काही सापडेना.

"वहिनी? काय झालं?"

"काही नाही. तीच ने."

मनीषाने बॅगेतून मोठी लेन्स काढून टेबलावर ठेवली. तिच्या जागी साड्यांच्या मध्ये पुरणयंत्र बसवले, चेन ओढली आणि बॅग स्वतःच्या हाताने काट्याला लावली. सहा किलो नऊशे. भास्कर टेबलाकडे बघत राहिला.

"छत्तीस दिवस घर बंद राहणार," तो शेवटी म्हणाला. "बंद घरात लेन्सला बुरशी धरते. तुमच्याकडे ठेवाल का? कपाटात नको हं. कोरडी, हवेशीर जागा हवी."

"माझ्या घरात कोरडी, हवेशीर जागा एकच आहे."

"मग तिथेच ठेवा, वहिनी. उपकार होतील."

निघताना त्याने मनीषाची बॅग उचलायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही, खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरली. मागून भास्कर एकेक खिसा चाचपत गेला.

नलिनीबाईंनी काटा पुसून खिळ्याला टांगला, दिवा लावला आणि रोजनिशी उघडून दुपारच्या नोंदीखाली लिहिले : पाच किलो कांदे माळ्यावर पसरले. भास्करची लेन्स शेजारी ठेवली.