माझ्याच बोटाचं रक्त

पाच वर्षं मला प्रार्थना करता आली नाही. सभेत इतरांबरोबर डोळे मिटत होतो, ओठ हलवत होतो, पण आत शब्द उमटत नसे. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. तो आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे, याचीच भीती होती.

माझ्या वडिलांचा कुष्ठरोग मिशनच्या दवाखान्यात बरा झाला, तेव्हापासून आमच्या घरात येशूचं नाव आलं. त्यांनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबून मला शिकवलं. घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. पुढे आरोग्यसेवकाचं प्रशिक्षण घेतलं आणि जंगलातल्या काही गावांत हिवतापाच्या कामावर लागलो. घरोघर जायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, नाव टाकून तपासायला पाठवायचा. दर महिन्याला ठरलेल्या काचपट्ट्या भराव्याच लागत.

एका श्रावणात नाला आठवडाभर उतरला नाही. पलीकडच्या गावाला जाता येईना आणि महिना संपत आलेला. आमच्या कामातले जुने लोक अशा वेळी हसून म्हणत, "पूर आला तं का झालं, आपलं बोट हाय ना." मी दार लावून घेतलं आणि स्वतःचीच बोटं टोचली. अकरा काचपट्ट्या झाल्या. नोंदवहीतून त्या गावची अकरा नावं उतरवली. माझ्या रक्तात हिवताप नव्हता, म्हणून ती अकराही माणसं कागदावर निरोगी ठरली.

त्यांतलं एक नाव वनिताचं होतं. वय एकोणीस. थोड्याच दिवसांत तिला ताप चढला. नाला ओसरल्यावर तिची आई शेवंताबाई तिला बैलगाडीतून आरोग्य केंद्रात घेऊन आली. तिथे यादी पाहिली गेली: रक्त नुकतंच तपासलेलं, हिवताप नाही. पोर ग्लानीत होती; आपण शेतात असताना रक्त घेतलं असेल, असं आईला वाटलं. दुसऱ्या तापाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवलं. चौथ्या दिवशी ताप मेंदूत गेला आणि पोर संपली. मृत्यूची माहिती लिहून आणायला मलाच पाठवण्यात आलं. शेवंताबाईंनी मला पाणी दिलं. ते पिऊन मी त्यांच्याच अंगणात कागदाचे रकाने भरले.

कुणाला काही कळलं नाही. मी देवापाशी रडलो, उपास केले, पुन्हा कधी खोटी काचपट्टी भरली नाही. मन मात्र हलकं झालं नाही. शेवटी आमच्या म्हाताऱ्या पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "देवाले सांगतलंस, मले सांगतलंस. आमची पोरगी मेली का? जिची मेली तिले सांग."

उन्हाळ्याच्या तोंडाशी निघालो. नागभीडहून सुटलेली बस जंगलात बंद पडली. उतरलो, सागाच्या सावलीत बसलो आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आज जाणं होत नाही, तर देवाच्याच मनात नसेल. परतीची गाडी मिळते का, ते पाहू लागलो. तेवढ्यात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी लादलेली एक लुना येऊन थांबली. वर पांढऱ्या दाढीचा मुसलमान फेरीवाला.

"असे काऊन बसले, भाऊ? सासऱ्यानं हाकललं का?"

मी गावाचं नाव सांगितलं आणि राहू द्या म्हणालो.

"मी तिथीच चाललो. बसा." त्याने एक मोठं पातेलं पुढे केलं. "हा गंज मांडीवर घ्या, अन् चेपू नका. चेपला तं तुमालेच विकीन."

मी काही विचारलं नव्हतं, मागितलं नव्हतं. त्याने मला थेट शेवंताबाईंच्या दाराशी उतरवलं, कारण त्याची फेरी त्याच घरापासून सुरू होत असे. पुढे त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो. तो पुन्हा दिसला नाही.

शेवंताबाई अंगणात वाळत घातलेली मोहफुलं हाताने उलटत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे माह्या पोरीच्या बोटाले सुई लागलीच नाई?"

"नाही."

"अन् कागदावर थे बरी होती."

"हो."

त्या मोठ्याने रडल्या नाहीत. जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "अंगात कसर होती तिच्या. मीच म्हटलं, रोवणी टाकून कोण घरी बसते? दिवसभर पाण्यात उभी केली. पाच वर्सं मले वाटून राह्यलं का मीच मारली तिले. घरचा माणूसही तेच म्हणे." मग माझ्याकडे पाहिलं. "तुले ठाऊक होतं. मंग काऊन नाई आला तू?"

लाज आपली एकट्याची असते, असं मी समजत होतो. ती मी जपून ठेवली, आणि इकडे एक आई माझ्या पापाची शिक्षा भोगत राहिली. त्या अंगणात मी गुडघ्यांवर बसलो. पाच वर्षांत प्रथमच शब्द आले, दोनच: प्रभू, घे. शेवंताबाई म्हणाल्या, "ऊन लागते. सावलीत बस." आणि पुन्हा फुलं उलटू लागल्या.

त्यानंतर वरिष्ठांना लेखी कळवलं. चौकशी झाली, निलंबन झालं, गावोगाव बदनामी झाली. वडिलांना ते ऐकावं लागलं, याचं दुःख आहे. वनिता परत आली नाही, आणि कोणत्याही क्षमेने ती येणार नाही. शेवंताबाईंनी मला अजूनही माफ केलं असं म्हटलेलं नाही. ते मागण्याचा हक्क मी सोडून दिला आहे. पण त्यांच्या नवऱ्याने त्यांना पुन्हा कधी तो बोल लावला नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. ज्या प्रभूने मला त्या सागाखालून उठवलं, त्याचे मी एवढ्यासाठीच रोज आभार मानतो.