आप्पांचे उसने कान

आप्पांनी निपाणीतल्या निम्म्या वादकांची गाणी दुरुस्त केली, पण त्यातलं एकही ऐकलं नाही. ते ठार बहिरे होते, बोलणं ओठांवरून ओळखत. उभी हयात तंबाखूच्या वखारीत यंत्रापाशी काढून कान गेले, आणि कान पुरते गेल्यावर त्यांनी हा धंदा काढला. शहाणा माणूस असं करत नाही. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली, तरी पेनड्राईव्ह हातात घेतला की मला अजून त्यांची भीती वाटते.

धंदा असा, की कॉम्प्युटरवर बनवलेलं साथीचं गाणं पेनड्राईव्हवरून वाजवायच्या कीबोर्डला लावलं की कीबोर्ड म्हणणार, फाईल वाचता येत नाही. आणि हे कळणार कधी, तर मांडवात, अक्षता वाटून झाल्यावर. मग आमच्यासारखे हौशी वादक घामाघूम होऊन आप्पांच्या सोप्यात हजर. कीबोर्डला ते पेटीच म्हणत. “कॉम्प्युटर म्हंजे घरचा गडी, वाढशील ते खातोय. पेटी म्हंजे जावई. ताट बी त्याच्या मनासारखं पायजे.”

जावयाच्या अटी पुष्कळ होत्या. पेनड्राईव्ह लहान आणि जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा. ढोलकी, बासरी, झांजा फाईलमध्ये वेगवेगळ्या ओळींत, म्हणजे ट्रॅकवर, लिहिलेल्या चालत नसत, सगळं एकाच ओळीत आणावं लागे. आणि फाईलचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत. ही शेवटची अट आमच्या भागात कुणाच्या गळी उतरत नसे. मराठीवाला मराठीतच नाव देणार, कन्नडवाला कन्नडमध्येच, आणि पेटी दोघांनाही कोरा पडदा दाखवणार. “भांडायचं असलं तर चौकात जावा,” आप्पा म्हणत. “हिला दोनीबी येत न्हाईत.”

एका खंडेनवमीला मी पेनड्राईव्हची पूजा केली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी तो कुठल्याच कीबोर्डला दिसेना. आप्पांनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्याच्या तोंडातलं कुंकू अर्धा तास झाडलं. “भक्ती लई हाय रं तुझी,” ते म्हणाले. “फुडच्या वर्षी टोपण लावून कर.”

दुरुस्ती झाली की ते गाणं लावत, तळवा स्पीकरवर ठेवत आणि आमच्या तोंडाकडे बघत. “वाजलं काय?” आम्ही मान डोलवली की काम संपलं. लेकीनं कानातलं यंत्र आणून दिलं होतं, ते खणात पडून असे. “त्यात माणसं नुसती वराडत्यात. गाणं येत न्हाय.” हे मात्र ते जरा हळू बोलत. कारण पिरनवाडीला लेकीची लेक, पद्मा, कीबोर्ड शिकत होती आणि ती कशी वाजवते, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. घरात सगळे “लई भारी” म्हणत. म्हणूनच त्यांचा विश्वास नव्हता.

खोटी मान डोलवायचं पाप मीही एकदा केलं. ढोलकी पियानोच्या आवाजात ठणठणत होती, पण मला बोरगावच्या लग्नाला जायची घाई, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कामाला लावायचं जिवावर आलं. डोलवली मान. बोरगावात वरात निघाली तशी पियानोनं ढोलकीचा असा काही ठेका धरला की नवरदेवाचं घोडं जागचं हलेना. लोकांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांपुढे सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. “माझं कान तुमीच की रं,” ते म्हणाले. “तुमीच खोटं बोलला तर मी कुणाकडं बघू?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा असं करणार नाही म्हणून त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पुढं पद्माच्या शाळेचं गॅदरिंग आलं. “तू चल,” आप्पा म्हणाले. “ती कशी वाजवती ते बघून मला खरं सांगायचं.” गेलो. आणि ऐन वेळी शाळेच्या जुन्या कीबोर्डवर तिच्या साथीची फाईल दिसेना. पडदा कोरा. बाई घाबरल्या, पोरगी रडकुंडीला आली. आप्पांनी पेनड्राईव्ह शाळेच्या कॉम्प्युटरला लावला. फाईलचं नाव मराठीत होतं: आप्पा. ज्यानं साऱ्या तालुक्याला नियम शिकवला, त्याच्याच नातीनं तो मोडलेला! ते त्या नावाकडे बघत राहिले. मग ते पुसून त्यांनी इंग्रजी अक्षरांत ‘गाणं एक’ केलं, आणि फाईल दिसली.

पद्मा वाजवायला बसली. आप्पा पहिल्या रांगेत, मी शेजारी. ती चांगलं वाजवत होती, खरंच, पण तीनदा चुकली. टाळ्या थांबल्यावर आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. “कसं वाजवलं? खरं सांग.”

‘लई भारी’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी चुकांची दोन बोटं वर केली. शब्द दिला होता, पण तिसरं बोट काही उचलेना.

आप्पांनी मान हलवली आणि माझं तिसरं बोट स्वतःच्या हातानं सरळ केलं.

“ही चूक गाळू नगोस,” ते म्हणाले. “तवा ती माझ्याकडं बघत होती.”