पटकीच्या गावातला हंडा

मी ख्रिस्ती मिशनचा प्रचारक होतो. रिसोडच्या बाजारात शेजाऱ्यावर प्रीती करायला इतकं गोड शिकवायचो, की माझेच डोळे भरून यायचे. एकदा मंगरूळपीरजवळच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. मोठं धैर्य करून मी वेशीपर्यंत गेलो. धर्मपत्रिकांचा गठ्ठा तिथेच ठेवून परतणार होतो.

तेवढ्यात आमच्या मिशनच्या देवळात मागे बसणारी एक बाई उकळलेल्या पाण्याचा हंडा घेऊन आली. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. दर रविवारी ती माझ्या प्रवचनात पेंगायची, म्हणून तिच्या आत्म्याची मला फार काळजी वाटे. चार दिवसांपासून ती इथे आजाऱ्यांची घाण काढत होती.

गठ्ठा पाहून ती म्हणाली, "मास्तर, कागद कायले आनले? त्याइले वाचता येत नाई, पानी पेता येते. धरा हंडा."

"मला लागण झाली तर?"

"तर तुमाले बी पाजीन."

मी हंडा धरला. संध्याकाळपर्यंत आम्ही घरोघर पाणी पाजलं. येशूचं नाव काढायला मला सवडच मिळाली नाही. मिशनच्या अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'आज प्रभूचं काही काम झालं नाही.'