आत्याची बर्बन

माझी आत्या वासावर पोट भरते. हे मी लहानपणी शाळेत सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. पण ते खरंच आहे. गावाबाहेरच्या डिस्टिलरीत बर्बन व्हिस्की बनते. मक्याची दारू आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपांत भरून वर्षानुवर्षं ठेवतात, आणि कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून कच्चं आहे, कशात काय मिसळायचं, हे वास घेऊन आणि चाखून ठरवणारी चारपाच माणसं तिथे असतात. आत्या त्यांतली एक. लागली होती ती बाटल्यांवर लेबलं चिकटवायला. पुढे एकदा साऱ्या कामगारांची नाकं तपासली गेली, आणि तिचं निवडलं गेलं.

बाबांना ते कधी रुचलं नाही. बाबा तिचे धाकटे भाऊ. खाली आमची बेकरी, मधल्या मजल्यावर आम्ही आणि वरच्या खोलीत आत्या, असं आमचं घर. बहिणीवर त्यांचा जीव होता, पण दारूच्या धंद्याला ते नाक मुरडायचे. गिऱ्हाइकांनी विचारलं तर "ती कारखान्यात असते" एवढंच सांगायचे. कसला कारखाना, ते गिळून टाकायचे. आत्या कानाडोळा करायची. ती मुळातच कमी बोलणारी, नाकासमोर चालणारी बाई.

मग एका हिवाळ्यात तिला ताप आला. साधाच ताप, आठवड्यात उतरलाही. ती उठून स्वयंपाकघरात आली, दूध तापत ठेवलं आणि बाहेरच्या खोलीतल्या माझ्याशी गप्पा मारत उभी राहिली. दूध उतू गेलं, खाली लागलं, जळकट वास घरभर झाला. आई जिन्यावरून धावत आली. आत्या तिथेच गॅसला पाठ करून उभी होती आणि आई का ओरडतेय हे तिला कळत नव्हतं. आईने गॅस बंद केल्यावर तिने पातेल्यात वाकून पाहिलं, दोनदा श्वास घेतला आणि वर निघून गेली.

दुसरं कुणी असतं तर चार दिवस झाकून ठेवलं असतं. इतर चाखणारे काय म्हणतात ते ऐकून मान डोलावली असती तरी काही काळ खपून गेलं असतं. आत्या बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी दारूचं मिश्रण ठरवणाऱ्या मुख्य ब्लेंडरसाहेबांच्या खोलीत गेली आणि तिने सांगून टाकलं, की मला वास येत नाही, माझ्या भरवशावर एकही पिंप पुढे सोडू नका. साहेब म्हातारे, तिचे गुरूच. ते म्हणाले, घरी बसा, पगार चालू राहील. ती म्हणाली, बसून काय करू? आणि पुन्हा लेबलांच्या टेबलावर जाऊन उभी राहिली.

घरी मात्र ती पार कोमेजली. जेवणात चव नाही, म्हणून ताटावरून अर्धपोटी उठायची. काही महिन्यांनी वास थोडे थोडे यायला लागले तेही उलटेसुलटे. कॉफीचा वास जळक्या टायरसारखा, साबणाचा कुजल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं की नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. रोज ठरावीक वस्तू हुंगायच्या आणि तो वास मनात आठवत राहायचा. येईल तेव्हा येईल.

हे काम बाबांनी अंगावर घेतलं. रोज पहाटे भट्टी पेटली की ते आत्याला खाली बोलवायचे, कणकेच्या टेबलाशी स्टुलावर बसवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. मग एकेक बरणी नाकाखाली धरायची. लवंग, दालचिनी, व्हॅनिला, लिंबाची साल, परतलेलं लोणी, करपवलेली साखर. आत्या म्हणायची, काही नाही. बाबा म्हणायचे, बरं, पुढची. असं कितीतरी दिवस चाललं. एरवी बाबांच्या नाकावर राग असतो. पाव जरा वाकडा झाला तरी कारागिरावर खेकसतात. पण त्या स्टुलापाशी त्यांचा आवाज कधी चढला नाही. कधी आत्याच कंटाळून म्हणायची, "सोड रे, तुझी कणीक वाट बघतेय." ते पुढची बरणी उघडायचे.

एका सकाळी मी कॉलेजसाठी खाली उतरले तर दोघं तसेच बसले होते. बाबांच्या हातात दालचिनी होती. आत्याने डोळे न उघडता म्हटलं, "दालचिनी नाही. तुझा पाव करपतोय."

बाबा जागचे हलले नाहीत.

"परत सांग, ताई."

"अरे, करपतोय म्हणते ना! डावीकडचा. खालून लागलाय."

भट्टीच्या काचेतून दिसत होतं, तो डावीकडचाच होता, खालूनच लागला होता. बाबांनी भट्टी उघडली नाही. ते बरणी हातात घेऊन उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आत सगळा ट्रे कोळसा होत होता. शेवटी आईने येऊन तो बाहेर ओढला. त्या दिवशी गिऱ्हाइकांना पाव मिळाला नाही. बाबांनी प्रत्येकाला हसत हसत परत पाठवलं.

तरी कामावर परतायला आणखी बरेच महिने गेले. साहेबांनी तिची परीक्षा घेतली, तीही तिच्याच हट्टाने, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काही वास तिला पूर्वीसारखे येईनात. पण काही आधीपेक्षा स्पष्ट येऊ लागले होते. पूर्वी ती एक श्वास घेऊन निकाल द्यायची. आता ग्लास खाली ठेवायची, थांबायची, पुन्हा उचलायची. साहेबांना ते पसंत पडलं असावं, कारण त्या वर्षीची खास बर्बन त्यांनी तिच्यावर सोपवली.

ही खास बर्बन डिस्टिलरी मोजक्याच बाटल्यांत काढते. लोक वर्षभर तिची वाट पाहतात. आत्या गोदामात पिंपांमधून फिरू लागली. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर उन्हाने दारू लवकर पिकते, तिचा दणका मोठा असतो. आत्याने खालच्या, थंड मजल्यावरची पिंपं निवडली, सावकाश पिकलेली. वरच्या मजल्यावरचं एक पिंप सगळ्यांना फार आवडलं होतं. ते मिसळायचंच, असं इतरांचं म्हणणं पडलं. आत्याने तेही मिसळून पाहिलं आणि काढून टाकलं. साहेबांना म्हणाली, "एकटं फार चांगलं आहे. पण ते आलं की बाकीच्यांना तोंडच उघडू देत नाही."

साहेबांनी दोन्ही ग्लास बराच वेळ हुंगले. मग म्हणाले, "बाई, बाटलीवर सही तुमची जाणार आहे. तुम्हाला हवं तसंच होईल."

बाटल्या बाजारात येण्याच्या दिवशी डिस्टिलरी आत्याला एक बाटली भेट देणार होती. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, फुकटची कशाला, आपण दुकानात जाऊन रांगेत उभं राहून घ्यायची. आत्याला वाटलं, थट्टा चाललीय. पण शनिवारी सकाळी बाबांनी बेकरी बंद ठेवली, लग्नाकार्यात घालायचा इस्त्रीचा सदरा चढवला, आणि माणशी एकच बाटली मिळते असं कळल्यावर आईलाही बरोबर घेतलं. मला तर घेणारच होते, मी आता नोकरीला लागले होते.

दारूचं दुकान दिसलं की बाबा आयुष्यभर रस्ता ओलांडून पलीकडून गेलेले. आज ते दुकानाच्या दारात रांगेत उभे होते आणि ओळखीचा कुणी दिसला की आपण होऊन हात करत होते. आत एका टेबलावर दुकानदार चव दाखवत होता. छोट्या निमुळत्या ग्लासात घोटभर ओतायचा आणि समजावून सांगायचा: आधी वास घ्या, तोंड जरा उघडं ठेवा, मग घोट घ्या, वाटलं तर दोन थेंब पाणी घाला. आमच्या पुढे सूट घातलेला एक माणूस होता. तो चाखून म्हणाला, मागल्या वर्षीची जास्त जोरदार होती, ही फार शांत वाटते. बाबांनी तोंड उघडलं. आत्याने त्यांच्या कोपराला असा चिमटा काढला की ते तोंड मिटलं. ती त्या माणसाचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होती. तो पुढे म्हणाला, "पण गंमत आहे, घोट गिळून झाला तरी ही जात नाही." त्याने अजून थोडी मागितली. आत्या खाली पाहून हसली.

मग बाबांची पाळी. त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. दुकानदार मदतीला धावला, म्हणाला, व्हॅनिला येतोय का बघा, किंवा... बाबांनी हातानेच त्याला थांबवलं.

"व्हॅनिला आहे," ते सावकाश म्हणाले. "साखर आहे, करपायच्या जरा आधीची. लवंग मागे आहे, लांब. आणि लोणी." मग त्यांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला, जोरात ठसकले, लालबुंद झाले, तरी ग्लास सोडला नाही.

दुकानदाराने विचारलं, आपण याच क्षेत्रातले का?

"मी पाव भाजतो," बाबा म्हणाले. "ही माझी थोरली बहीण. ही बर्बन तिने बनवलीय. बाटलीवरची सही तिची आहे."

एवढ्या मोठ्याने ते बोलले की दारापर्यंतची रांग वळून बघायला लागली. आत्या कानापर्यंत लाल झाली. सूटवाला माणूस मघाचं बोलणं आठवून चाचरू लागला, तेव्हा तीच त्याला म्हणाली, की तुम्ही बरोबर बोललात, शांतच करायची होती. मग त्याने आपली बाटली पुढे केली आणि तिने त्यावर पेनाने पुन्हा एकदा सही केली. त्याच्यामागून आणखी दोघं आले. बाबा शेजारी उभे राहून लोकांना बाजूला सरायला सांगत होते.

बाबांची बाटली अजून बेकरीच्या काचेच्या कपाटात आहे, केकच्या वरच्या फळीवर. विकत देता का, असं कुणी विचारलं की ते नाही म्हणतात, आणि मग विचारणाऱ्याची पटकन सुटका होत नाही. आईची आणि माझी बाटली पाहुण्यांसाठी राखून आहे.

आत्याने मात्र तिची त्याच संध्याकाळी उघडली. कामावर घोट तोंडात फिरवून थुंकावा लागतो, नाहीतर दुपारपर्यंत शुद्ध राहणार नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत तिने आपण निवडलेली दारू कधी धड प्यायलीच नव्हती. गच्चीवर खुर्ची टाकून ती बसली, ग्लास भरला आणि तो सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत, अगदी सावकाश प्याली. बाबांनी विचारलं, कशी आहे? तिने रिकामा ग्लास पुन्हा एकदा नाकाशी धरला.

"चांगली जमलीय," ती म्हणाली.